चाल कुणाची, शब्द कुणाचे

प्रिय मित्रा,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावला असशील, तुझा हक्कच आहे. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघा आहे तसाच. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याखेरीज कुणाला सांगून कळायचं नाही.

बेर्त्रान द बोर्न या बाराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्सच्या सरदार-कवीचं 'नो पुओस्क मुदार', ज्याच्या मराठीपाशी मी अडलोय, आणि त्याच काळातल्या आर्नो दानिएल या कवीचं 'सिम् फोस आमोर्स' हे प्रेमगीत, अशी दोन्ही मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढली. साचा आर्नोचाच, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. मी मात्र ओळीला ओळ लावून कधी पाहिलं नव्हतं. आठ ओळींचं कडवं तेच, दहा अक्षरांची ओळ तीच, आठही यमकं त्याच क्रमाने तीच: आर्गा, आंक, आर्क, ओंबा, ओम, एर, एन्स, एस्ता. इतकं सगळं उचलल्यावर चाल तेवढी वेगळी कशी असेल? म्हणजे आपल्या जुन्या भांडणात तू जिंकलास. इतका मानी सरदार दुसऱ्याची चाल घेईल का, असं मी म्हणायचो. त्यावर तू संगीत नाटकाचं पुस्तक उघडायचास आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावरचं 'चाल' दाखवायचास. मान्य, अगदी मनापासून मान्य.

सिर्व्हेंतेस हा राजकीय गाण्याचा प्रकार बहुतेक असाच रचत. लोकांच्या तोंडी असलेलं प्रेमगीत घ्यायचं. प्रत्येक ओळीची अक्षरं मोजायची, शेवटच्या आघातापर्यंतच. त्यापुढे एखादं हलकं अक्षर लोंबत असेल तर ते हिशेबात नाही, पण ज्या ओळीला ते आहे तिला ते राखायचं. मग यमकांचे शब्द गोळा करायचे, मजकूर राजकारणाचा भरायचा, शेवटी दोन-चार ओळींची तोर्नादा जोडून निरोप कुणाला ते सांगायचं आणि गाणं गायकाच्या हवाली करायचं. बेर्त्रानचा गायक पापिओल. चाल आधीच रुळलेली, त्यामुळे पापिओलला नवे शब्द तेवढे पाठ करायचे. माझ्या मते हेच खरं कारण: वेढ्यावरचं गाणं वेढा उठायच्या आत पोचायला हवं.

आता माझी अडचण. या कडव्यात यमक कडव्याच्या आत जुळतच नाही. पहिली ओळ 'आर्गा'वर संपते आणि तिचा जोडीदार थेट पुढच्या कडव्याच्या पहिल्या ओळीत भेटतो. मराठी कान दोन ओळींत यमक शोधतो, फार तर चौथ्या ओळीपर्यंत थांबतो. आठ ओळी कोण थांबणार? शब्द मिळतात रे. आर्कला तर्क, अर्क, गर्क. आर्गाला मार्ग, स्वर्ग, सर्ग. आंकला रंक, पंक, कलंक. चौथ्या ओळीतल्या 'बोंबा'ला आपला 'बोंब' आयता मिळाला म्हणून मी दोन दिवस हरखलो होतो, पण तिकडे त्याचा अर्थ थाटमाट आणि इकडे बोंबाबोंब! तू असतास तर तोच ठेव म्हणाला असतास.

दुसरी खोच मोजणीची. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक. वृत्ताच्या हिशेबाने दहा भरली की म्हणताना सात-आठच उरतात आणि ओळ लंगडते. म्हणून मी बोलण्यातली अक्षरंच मोजतो, आणि चौथ्यानंतर श्वास घ्यायला जागा सोडतो.

पहिल्या कडव्याचा अर्थ असा, साधा गद्यात: गाणं पसरवल्याशिवाय मला राहवत नाही, कारण 'हो-आणि-नाही'ने आग लावली आहे, रक्त काढलं आहे. मोठं युद्ध कंजूष धन्याला उदार करतं. म्हणून राजांचा थाट मला आवडतो. त्यांना खुंट्या लागोत, दोर लागोत, तंबूचे कळस लागोत, उघड्यावर झोपायला राहुट्या ठोकल्या जावोत, आणि आम्ही हजारांनी, शेकड्यांनी भिडू, म्हणजे आमच्यामागे लोक गातील. 'हो-आणि-नाही' म्हणजे रिचर्ड, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा मुलगा. हे टोपणनाव बेर्त्राननेच दिलेलं. कुणी त्यात धरसोड वाचतात, कुणी एकवचनीपणा. गाणं ११८८च्या सुमाराचं, रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप यांच्या झगड्यातलं.

तिसरी ओळ नीट बघ. 'कंजूष धन्याला उदार करतं.' बेर्त्रानचा ऑटाफोर्ट हा लिमुझँ आणि पेरिगोर या प्रांतांच्या सीमेवरचा एक किल्ला, आणि तोही भाऊ कॉन्स्टंटिनबरोबर वाटणीतला. शांततेत अशा छोट्या धन्याला कुणी विचारत नाही. राजे लढायला लागले की प्रत्येकाला त्याचे स्वार हवे असतात. हे कळलं की त्याच्या युद्धगाण्यांतली हौस मला पटत नाही, पण समजते.

आणि इटालियन कवी दान्तेने त्याचं काय केलं! 'डिव्हाइन कॉमेडी'त नरकाच्या अठ्ठाविसाव्या सर्गात स्वतःचं मुंडकं कंदिलासारखं हातात धरून चालवला. का, तर म्हणे त्याने बापलेकांत फूट पाडली. अरे, थोरल्या, म्हणजे दुसऱ्या हेन्रीने ११७०मध्ये मुलाला, धाकट्या हेन्रीला, राज्याभिषेक केला आणि जमीन दिली नाही. ती फूट बेर्त्रानच्या गाण्याने पाडावी लागत होती का? तो त्या तरुण राजाला मोजून मिळणाऱ्या तनख्यावर जगतोस म्हणून डिवचायचा, हे खरं. पण ११ जून ११८३ला तरुण राजा मार्तेलला हगवणीने गेला आणि महिन्याच्या आत रिचर्डने, आरागॉनच्या आल्फोन्सोला सोबत घेऊन, ऑटाफोर्ट जिंकून घेतलं. किल्ला कॉन्स्टंटिनला गेला. परत बेर्त्रानला दिला तो त्याच थोरल्या हेन्रीने, ज्याच्या घरात त्याने म्हणे आग लावली! गंमत म्हणजे दान्तेनेच भाषेवरच्या ग्रंथात शस्त्रांचा कवी म्हणून त्याचं नाव घेतलं आणि उदाहरण दिलं ते ह्याच 'नो पुओस्क मुदार'चं. कडव्यात यमक नसलेल्या रचनेचं उदाहरण म्हणून आर्नोचं ते मूळ गाणंही त्याच ग्रंथात आहे. मला त्या मुंडक्याचा राग येतो, अजूनही येतो. माणूस ११९६च्या सुमारास दालोंच्या मठात साधू झाला. १२१५मध्ये लिमोजच्या सेंट मार्शल मठाच्या नोंदीत एवढंच आहे: थडग्यावर आठवी मेणबत्ती बेर्त्रान द बोर्नसाठी, मेण तीन सू (तेव्हाचं नाणं) देऊन घेतलं.

तुझ्याकडे काम आहे. या गाण्याची चाल उरलेली नाही. बेर्त्रानची म्हणून एकच चाल टिकली, ती 'रासा, तान क्रेइस'ची. तू पूर्वी पोवाड्याची चाल सुचवली होतीस. ती इथे चालणार नाही, कारण 'जी जी'ने ओळ तिथल्या तिथे मिटते आणि लांबचं यमक मरतं. पालुपदही नको. आठही ओळी वेगवेगळ्या चढत-उतरत जाव्यात, एकही स्वरवाक्य कडव्यात फिरून येऊ नये, आणि दुसरं कडवं सुरू झालं की पहिल्या ओळीचीच चाल पुन्हा लागावी. मग 'मार्ग'वर जो स्वर थांबला होता त्यावरच 'स्वर्ग' थांबेल, आणि कानाने विसरलेलं यमक गळा आठवून देईल. असं मला वाटतं. होतं की नाही ते पेटीवर तूच सांगशील. पहिली, चौथी आणि आठवी या ओळी हलक्या अक्षरावर संपतात, तिथे स्वर जरा लोंबू दे.

मुलीच्या बदलीचं वाचलं, सामान हलवायला माणसं लागली तर कळव. वहिनींचा मोतीबिंदू झाला का? छत दुरुस्त करून घे, पुढच्या पावसाची वाट बघू नकोस.

दोन कडव्यांचा मसुदा सोबत आहे. 'कळस'च्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय. काढायला सुचलं तर काढ, पण कळस राहू दे.

तुझाच