गाडी का रडत होती

नागपूर

चि. बेटास,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी दुरुस्त झाली. काल हिंगण्याकडे चक्कर मारून आणली, मागून येणारी घरघर गेली. फोनवर तू आधी खर्चच विचारशील, म्हणून लिहितो आहे. काय बिघडलं होतं ते तुला नीट कळायला हवं.

तिकडच्या गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच 'पूर्ण डिफरेन्शियल बदला' म्हटलं, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा अख्खा गिअरचा संच, त्याचा मला फार राग आला. मी 30 वर्षं वाडीला ट्रकांची हौसिंग, म्हणजे डिफरेन्शियलचं लोखंडी कवच, उघडली. आवाज ऐकल्याशिवाय पाना हातात घेतला नाही.

आधी वर्धा रोडला नेली. सिमेंटच्या रस्त्यावर टायरच इतके गुणगुणतात की काही कळेना, म्हणून डांबरी रस्ता धरला. टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो, हा बदलला नाही. 70 च्या वेगातच तिसऱ्यातून चौथा टाकला. इंजिन हळू झालं, घरघर तेवढीच. म्हणजे दोष इंजिनाचा नाही. मग गाडी हलकेच डावी-उजवी झोकली. चाकाचं बेअरिंग असतं तर एका अंगाला वजन पडल्यावर आवाज वाढला असता. तेही नाही.

आता अ‍ॅक्सिलरेटर. दाबला की क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या मोठ्या आणि लहान दातचाकाच्या, दातांच्या एका बाजूवर जोर येतो, सोडला की दुसऱ्या. फक्त दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर गाडी रडत असेल तर संशय दातांवर. तुझी दोन्हीकडे घरघरत होती, सोडल्यावर जरा जास्त, आणि सूर बारीक. चाक एकदा फिरतं तेव्हा पिनियन तीनहून जास्त वेळा फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा सूर चाकाच्या बेअरिंगपेक्षा वरचा असतो. मला तिथेच अंदाज आला.

डिफरेन्शियलचं तेल काढलं. लोखंडाचा कीस धरणाऱ्या आतल्या चुंबकावर राखेसारखा बारीक लेप असतो, तो चालतो. पण बोटाला टोचणारे कण होते. उघडलं तर पिनियनच्या पुढच्या बेअरिंगच्या वाटीला, म्हणजे बाहेरच्या कड्याला, खड्डे पडलेले. दात मात्र सुंदर, एकसारखे घासलेले. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार होतात. एक बदलायचा तर दोन्ही बदलावे लागतात. ती जोडी वाचली, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

वेळ गेला तो बसवण्यात. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ नळी असते, नट आवळला की ती दबते. थोडी जास्त दबली तर नट सैल करून भागत नाही, नळीच नवी लागते. पहिली माझ्याकडून जास्त दबली. दुसरी यायला चार दिवस गेले, म्हणून उशीर. मग पिनियन हाताने फिरवून ताण मोजला, डायल गेजने दातांमधली ढील पाहिली, दातांना निळा रंग लावून ठसा काढला. ठसा दाताच्या मधोमध आला, तेव्हा झाकण लावलं.

तुझ्या डिफरेन्शियलमध्ये क्लच प्लेटा आहेत, त्यामुळे तेलात वेगळं अ‍ॅडिटिव्ह घालावं लागतं. ते नसेल तर हळू वळताना मागून कडकड करते. तेल भरल्यावर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवली, प्लेटांमध्ये तेल शिरावं म्हणून. पुढच्या वेळी कुणी तेल बदललं तर अ‍ॅडिटिव्ह घातलं का, हे तू स्वतः उभी राहून विचार.

घेऊन जाताना समृद्धीवर लगेच 120 धरू नको. पहिल्या तासाभराने थांब, हौसिंगजवळ हात ने. कोमट लागली तर ठीक, हात धरवत नसेल तर मला तिथूनच फोन कर. 800 किलोमीटर झाले की तेल एकदा बदलू, हा माझा नेम आहे.

जुनं बेअरिंग फडक्यात गुंडाळून ठेवलंय. आलीस की हातात धरून फिरव, कुठे अडतं ते बोटाला लगेच कळेल.

तुझा,
बाबा