आईच्या जबड्याचा फोटो आणि मंगळवारचं नागपूर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोन केला की आई "मले काय धाड भरली?" म्हणून मोकळी होते आणि बाबा कापसाच्या भावावर जातात. म्हणून लिहितेय. मंगळवारी इथे नागपुरात हार्मोनच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आईची हलणारी दाढ काढणं तोवर थांबवलंय.

दाढ हलते त्याचा गळ्याच्या ग्रंथीशी काय संबंध, असं बाबा नक्की म्हणतील. मीही आर्वीच्या दाताच्या डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला होता ना, त्यात प्रत्येक दाताच्या मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ दिसायला हवी. आईच्या बहुतेक दातांना ती नाहीच. एकाच दाताची गेली असती तर तिथे पू झालाय म्हटलं असतं. शिवाय खालच्या जबड्याची कड पातळ झालीय आणि हाड धूसर दिसतंय. त्यावरून त्यांना शंका आली आणि रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम 11.6 निघालं, असायला हवं साधारण 8.5 ते 10.5. पीटीएच नावाचं हार्मोनही वाढलेलं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होतात, पण त्याने रक्तातलं कॅल्शियम असं चढत नाही. थायरॉइडच्या मागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, ते हार्मोन त्याच बनवतात. त्यातली एखादी वाढली की ती हाडातलं कॅल्शियम रक्तात ओढत राहते.

आई, तुझा मुतखडा, रात्रीचं सारखं उठणं, कंबर, इसबगोल, सगळं याच एका गोष्टीचं असू शकतं. विहिरीचं पाणी उगाच बदनाम झालं. बाबा, तिची चिडचिडही त्यातलीच असेल. (सगळी नाही, थोडी तुमचीही कमाई आहे.)

घाबरू नका. अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. फार तर ती ग्रंथी काढतात. तेही डॉक्टर सगळं पाहून ठरवतील.

जावयाकडे किती दिवस राहायचं, हे आता काढू नका. हे स्वतःच म्हणाले, आईंना इकडेच आणू. मागची खोली तुमचीच, कमोड बसवून घेतलाय, आईच्या पाठीला मऊ गादी चालत नाही म्हणून कापसाचीच भरून घेतली. बाबांना पहाटे पाचला चहा मिळेल. खर्रा मिळणार नाही. गायीचं आणि वेचणीचं धाकट्या काकांशी बोलून झालंय.

आई, माझा दुधाचा दात पडला की शेणात गुंडाळून कौलावर फेकायला लावायचीस आणि पुढचा दात येईपर्यंत रोज तोंड उघडून बघायचीस. आता मला तुझं बघू दे ना गं.

मेडिकलमधून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद. डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्यायच्या. पाणी भरपूर प्यायचं. पाण्याचा गुंड उचलायचा नाही, पाय घसरला तर अशी हाडं लवकर मोडतात. मुतखड्याची जुनी सोनोग्राफी कपाटात साड्यांखाली आहे, ती आणि ओपीजीची फिल्म घ्या. फिल्मची घडी घालू नका, बाबा. आधार आणि रेशनकार्डही घ्या. एसटीने यायचं नाही, सोमवारी दुपारी गाडी येईल. कपडे आठ दिवसांचे भरा. दोनच दिवसांचे भराल, म्हणून सांगतेय.

तुमची,
बेबी