काट्यावर एक पाय

हिरोशिमा
9 फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

थंडीचं, जेवणाचं सगळं फोनवर बोललोच. आई, मी दोन-दोन स्वेटर घालते, तू जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

बाबा, "शाळेतून एवढी रजा टाकून गेलीस ती पोरांच्या गप्पा ऐकायला का?" असं तुम्ही विचारलंत. तेव्हा मी गडबडले, म्हणून आज सविस्तर लिहिते.

परवा चौथीच्या विज्ञानाच्या तासाला मागे बसले होते. बाईंनी वजनकाटा समोर ठेवला आणि विचारलं, दोन पायांवर उभं राहिलं, एका पायावर राहिलं, उकिडवं बसलं, तर वजन कधी जास्त भरेल? की सारखंच? आधी प्रत्येकाने एक बाजू धरायची. हात मोजून आकडे फळ्यावर गेले. मग कारणं. ज्यांना "असंच वाटतं" त्यांना आधी बोलायला दिलं. इथे त्याला 'नान्तोनाकु' म्हणतात आणि तेही चालतं. एक मुलगा हटून बसला, "एका पायावर पाय दुखतो, म्हणजे वजन वाढणारच." एक मुलगी हळूच म्हणाली, "बसल्यावर माझ्यातलं काही बाहेर गेलं का? आत काही आलं का?" वर्ग गप्प झाला. चार-पाच जणांनी बाजू बदलली. बाई तेवढाच आकडा खोडून नवा लिहीत होत्या. बरोबर नाही, चूक नाही, चेहऱ्यावरही काही नाही! शेवटी तोच मुलगा काट्यावर चढला. तो बसताना काटा डुलला आणि पुन्हा 29 किलोवरच येऊन थांबला. पोरं ओरडली ती अशी, की जणू सामना जिंकला.

इथले विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक इताकुरा कियोनोबू यांनी 1963 साली मांडलेली ही पद्धत आहे: आधी अंदाज, मग वाद, निवाडा प्रयोगाचा. उत्तर माहीत असून बाईंनी गप्प राहायचं, हे मला पहिले दोन महिने उमजतच नव्हतं. पण बाईंनी सांगून टाकलं असतं, तर त्या मुलाने मान डोलावली असती आणि मनात पाय दुखतच राहिला असता.

गणितातही तेच. एल आकाराच्या आकृतीचं क्षेत्रफळ काढायचं होतं. कोणी दोन तुकडे केले, 24 आणि 12. कोणी 48 चा पूर्ण आयत धरून कोपऱ्यातले 12 वजा केले. एकाने वरचा तुकडा खाली सरकवून 12 गुणिले 3 असा एकच लांब आयत केला. तिन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी, तास संपेपर्यंत डस्टर लागत नाही. मग कोणाचं कोणाशी जुळतं यावर चर्चा. तिला 'नेरिआगे' म्हणतात, म्हणजे मळून एकजीव करणं. आई, तुझी कणीकच आठवली.

बाबा, वेळ जातो हे खरं. तासभरात एकच उदाहरण होतं. आपल्याकडे एका वर्गात पन्नास पोरं आणि डोक्यावर परीक्षा, हे मी विसरलेले नाही. पण मी आठ वर्षं "समजलं का?" विचारत आले, पोरं एका सुरात "होऽऽ" म्हणत आली, आणि मी पुढचं पान उलटत आले. त्या पोरांचे चेहरे इथे रोज आठवतात. परतल्यावर आठवड्यातून एक तास तरी असा घेणार आहे. पहिल्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर बसा.

शिष्यवृत्तीचे महिन्याला 1,43,000 येन येतात. भाडं, जेवण जाऊन पतसंस्थेचा हप्ता नेमाने पाठवीन, त्याची चिंता सोडा. कोल्हापूरच्या स्थळाला पुढच्या मार्चपर्यंत थांबता येत नसेल, तर आग्रह करू नका. मला वाईट वाटणार नाही.

छोटीची तारीख मे महिन्यातली धरलीत, फार आनंद झाला. पण तेव्हा इथे सत्र चालू असतं आणि तिकिटाचे पैसे मांडवाला लागले तर बरे. मांडवाचा खर्च माझा, नाही म्हणू नका. तिला एवढ्यात काही बोलू नका, मीच सांगेन. हळद लावायला मीच पहिली असणार, असं तिला लहानपणापासून म्हणत आलेय.

तुमची,
माई