टूसॉनच्या सर्पमित्र दादांना

प्रिय दादा,

त्या संध्याकाळी गडबडीत तुम्हाला साधं पाणीसुद्धा विचारायचं राहून गेलं. आज सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते ॲरिझोनातल्या आणखी चार मराठी घरांत पोचावं असं फार वाटतं.

ऑगस्ट महिना, नुकताच पाऊस पडून गेलेला. गॅरेजच्या दाराशी साप वेटोळं घालून बसला होता आणि त्याच्यापासून तीन हातांवर लेकीची सायकल. अंगावर हिरवट झाक दिसली आणि मी फोनवर ओरडलेच, "दादा, मोहावी रॅटलस्नेक आहे!" रॅटलस्नेक म्हणजे शेपटी खुळखुळवणारा विषारी साप, आणि त्यातल्या मोहावीच्या विषाने श्वास बंद पडू शकतो, एवढंच डोक्यात बसलेलं.

तुम्ही आलात, आधी लांबून फोटो काढलेत, मग लांब चिमट्याने त्याला झाकणाच्या बादलीत घेतलंत. तुमचं काम तिथे संपलं होतं. तरी तुम्ही थांबलात आणि फोटो मोठा करून माझ्यासमोर धरलात.

"रंगावर जाऊ नकोस. डायमंडबॅक, म्हणजे इथलाच आणखी एक रॅटलस्नेक, तोही हिरवट असतो आणि मोहावीही तपकिरी असतो. आधी शेपटी बघ." डायमंडबॅकच्या शेपटीवर काळे-पांढरे पट्टे साधारण सारख्या रुंदीचे, मोहावीचे पांढरे पट्टे काळ्यांपेक्षा चांगलेच रुंद. पण याची शेपटी चिखलाने माखलेली. मग तुम्ही डोक्याकडे वळलात. मोहावीच्या दोन डोळ्यांच्या मधे, माथ्यावर, दोन-तीनच मोठे खवले असतात. इथे तर तांदळाच्या कण्या पसरल्यासारखी बारीक खवल्यांची दाटी होती. डोळ्यामागची फिकट रेघही थेट वरच्या ओठावर उतरली होती. मोहावीची रेघ तोंडाच्या कोपऱ्याच्या मागून जाते. म्हणजे डायमंडबॅक. तरीही तुम्ही बजावलंत, की एका खुणेवर कधी निकाल द्यायचा नाही.

मग म्हणालात, "दंश झाला, तर हे सगळं विसरायचं आणि ९११ ला फोन करायचा." क्रोफॅब हे प्रतिविष बनवताना या दोन्ही सापांचं विष वापरतात, त्यामुळे साप ओळखत बसायचं नाही. त्याला मारून दवाखान्यात न्यायचं तर नाहीच. फिनिक्स ते टूसॉन या पट्ट्यातल्या कितीतरी मोहावींच्या विषात ते श्वास थांबवणारं द्रव्यच नसतं, हेही मला त्या दिवशीच कळलं.

दादा, मी रत्नागिरीकडची. फुरशाच्या धाकात वाढले. ते खवल्यावर खवला घासून खरखर करतं, तुमचा हा शेपटी वाजवतो, आणि दोघंही अंडी न घालता पिल्लं देतात. पण आमच्या वाडीत फुरसं म्हणून किती मांजऱ्या साप काठीखाली गेले असतील! दिसायला थोडाफार सारखा, एवढाच त्यांचा गुन्हा. तुम्ही फोटो दाखवत होतात तेव्हा मला तेच आठवत होतं, घसा भरून आला होता.

अंधार पडल्यावर तुम्ही त्याला घरामागच्या कोरड्या ओढ्यातच सोडलंत. मला वाटलं होतं, दूर डोंगरात न्याल. अनोळखी जागी त्याला ना बीळ माहीत, ना सावली, तिथे तो बहुधा जगत नाही, असं तुम्ही लेकीला समजेल अशा शब्दांत सांगितलंत. तेव्हापासून ती ओढ्याला "त्याचं घर" म्हणते.

गेल्या रविवारी पायवाटेवर आम्हाला एक दिसला. वीसेक फुटांवर थांबलो, दुर्बीण लावली. लेकीने लगेच विचारलं, "आई, कुठला?" मी म्हटलं, आधी शेपटी बघ. काळी बारीक कडी, मधे रुंद पांढरे पट्टे. रेघ तोंडाच्या मागून गेलेली. तो झुडपात शिरेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही.

फोटो पाठवतेय. मला मोहावी वाटतो, तुम्ही बघून सांगा. माथ्यावरचे खवले नीट आलेले नाहीत. तेवढं जवळ मी गेले नाही.

तुमची,
ओढ्यापलीकडची धाकटी बहीण