ऋतुजाने फॉर्म भरायच्या आधी

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
14 जून

प्रिय संजू,

परवा तुझा फोन आला तेव्हा काउंटरवर सहा-सात माणसं उभी होती, म्हणून नीट बोलणं झालं नाही. "ऋतुजाने डी.फार्म करावं की बी.फार्म, एका शब्दात सांग," असं तू म्हणालास. मी एक शब्द सांगितला असता तर तो घेऊन तू आणि काका पुन्हा भांडला असता. म्हणून आज शटर ओढल्यावर लिहायला बसलोय. मृग लागून आठवडा झाला, पावसाचा पत्ता नाही. काकांनी पऱ्हाटीची धूळपेर केलीय म्हणे, त्यांचा जीव तिकडे टांगलेला. त्यात पोरीच्या ॲडमिशनचा घोर.

काकांचं म्हणणं मला कळतं. दोन वर्षांत डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, मग फाट्यावरच्या आपल्या जागेत मेडिकल, पोरगी डोळ्यासमोर. तुला पुण्यात राहून वाटतं की बी.फार्मच्या डिग्रीशिवाय काही खरं नाही. तुम्हा दोघांत ऋतुजा काय म्हणते हे मला कोणीच सांगितलं नाही. मीच काल तिला फोन केला. ते शेवटी लिहितो.

आधी हे सांगतो की आमच्या मेडिकलच्या दुकानात भिंतीवर फार्मासिस्ट नोंदणीची दोन सर्टिफिकेटं शेजारी शेजारी लागली आहेत. एक माझं, डी.फार्मवरचं. दुसरं माझ्या बायकोचं, सुनीताचं, बी.फार्मवरचं, अमरावतीच्या शासकीय फार्मसी कॉलेजातलं. दोन्ही महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचीच. 1948 च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा हक्क दोघांनाही सारखाच आहे. दुकानाचं लायसन्स काढताना एफडीएवाल्यांनी, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या लोकांनी, जागा मोजली, दहा चौरस मीटर भरते का पाहिलं, फ्रीज पाहिला, नोंदणी पाहिली. डिप्लोमा की डिग्री, यावर एक शब्द नाही. झेडपीत आरोग्य केंद्रावरच्या औषध निर्माण अधिकाऱ्याची जागा निघाली तर तिथेही डिप्लोमा चालतो. तेव्हा गावात दुकान टाकायला डिग्री लागते, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. काका इथपर्यंत बरोबर आहेत.

फरक पडतो तो काउंटरच्या पलीकडे. कंपनीत औषध बनवायच्या किंवा तपासायच्या जबाबदारीच्या जागेवर, ड्रग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला, जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्मला, सगळीकडे डिग्रीच लागते. सुनीता लग्नाआधी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. ती सांगते, गोळी पाण्यात टाकून किती मिनिटांत किती औषध सुटतं ते मोजायचं, दर काही मिनिटांनी नमुना काढायचा, आणि आकडा जरा हलला की पूर्ण बॅच थांबवायची. एकदा पहाटे चार वाजता तिने अशी बॅच थांबवली होती. तिच्या तोंडून ऐकताना मला आजही हेवा वाटतो. मी गोळी विकतो, तिने गोळी तपासली आहे. दुकानात एखादा म्हातारा शुगरची एसआर गोळी अर्धी तोडून मागतो, तेव्हा "तोडू नका" हे मीही सांगतो. पण ती त्याला चित्र काढून दाखवते, की ही गोळी पोटात दिवसभर हळूहळू सुटायला बनवली आहे, तोडली की सगळं एकदम सुटेल. तो म्हातारा पुन्हा तोडून मागत नाही.

आता जे मी तुला कधी सांगितलं नव्हतं ते लिहितो. डी.फार्म झालं त्या वर्षी आमच्याकडे पैसा नव्हता, हे तुला माहीतच आहे. दुकान टाकणं शक्य नव्हतं. तेव्हा तालुक्यातल्या एका मेडिकलवाल्याने माझं सर्टिफिकेट महिन्याच्या ठरावीक रकमेवर मागितलं. मी दिलं. वर्षभर मी घरी सोयाबीन आणि तूर करत होतो, आणि माझं नाव तिथल्या भिंतीवर होतं. काउंटरवर बारावी नापास झालेलं एक पोरगं बसायचं. सगळेच करतात, असं मी मनाला सांगत होतो.

एक दिवस शाळेमागच्या राधाकाकूंकडे गेलो. काकूंना सांधेवाताचा जुना त्रास. तोंडात इतके फोड आले होते की भाकरी दुधात चुरूनही गिळवत नव्हती. "मले तं घासच जात नाही रे," म्हणाल्या. गोळ्या दाखवा म्हटलं, तर उशाखालून दोन स्ट्रिपा काढल्या. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. एक मेथोट्रेक्सेट, एक फॉलिक ॲसिड. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच लिहिली होती आणि बाकीच्या दिवशी फॉलिक. "थ्या पोरानं सांगतलं, हे रोज रात्री एक, अन् हे सोमवारी." त्याने उलटं सांगितलं होतं. काकू अकरा दिवस रोज मेथोट्रेक्सेट घेत होत्या. त्या गोळीने रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जाऊ शकतो. बिल स्ट्रिपभोवती गुंडाळलेलं होतं. ते उलगडलं तर खाली नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून माझं नाव छापलेलं.

त्याच दुपारी ऑटो करून त्यांना यवतमाळला नेलं. बारा दिवस ॲडमिट होत्या. वाचल्या. त्यांना आजही वाटतं की मी देवासारखा धावून आलो. ते नाव माझंच होतं हे सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याच पाठीवरून हात फिरवला. काकूंना ॲडमिट केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन मी सर्टिफिकेट भिंतीवरून काढून आणलं. महिन्याचे पैसे बुडाले, मेडिकलवाला चिडला, आणि आठवड्यात दुसऱ्या कोणाचं तरी सर्टिफिकेट त्याच खिळ्याला लागलं.

म्हणून संजू, काकांच्या बेतात मला भीती आहे ती एकाच गोष्टीची. ऋतुजाने डिप्लोमा करायचा, लग्न होऊन ती दुसरीकडे जायची, आणि फाट्यावरच्या दुकानात तिच्या नावावर तुझा मेहुणा नाहीतर चुलतभाऊ बसायचा. असं होणार असेल तर तिला फार्मसीला घालूच नका. बी.ए. करू दे. फार्मासिस्टचं नाव लागलं की त्या काउंटरवरची प्रत्येक चूक त्याच्या नावावर जाते, तो शेतात असो की सासरी.

आणि ते काउंटर गावात साधं नसतं. 2017 चा पावसाळा आठवतो ना? फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. त्या दिवसांत माणसं आधी दवाखान्यात नाही, मेडिकलवर यायची. डोळे चुरचुरतात, थेंब द्या. मळमळते, गोळी द्या. मी थेंबाची बाटली हातात घेऊन आधी विचारायचो, आज काय फवारलं, किती पंप मारले, अंगावर सांडलं का. डोळ्याची बाहुली बारीक दिसली, घाम आणि लाळ सुटलेली दिसली की थेंब न देता गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात. हे बी.फार्मलाच जमतं असं नाही. मी डिप्लोमावालाच आहे. पण तिथे बसलेला माणूस शिकलेला आणि तिथे हजर असावा लागतो.

बाकी व्यवहाराचं. डी.फार्मला प्रवेश बारावीच्या मार्कांवर होतो. दोन वर्षं आणि वर 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. ते ट्रेनिंग सहीपुरतं करणारे खूप आहेत. ऋतुजाने तसं करू नये. शिवाय 2022 पासून डिप्लोमानंतरची एक्झिट परीक्षा नियमात आली आहे, तीन पेपर, प्रत्येकात 50 टक्के. बी.फार्म चार वर्षं, आठ सेमिस्टर, प्रवेश सीईटीवर. डिप्लोमावरून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण जागा मोजक्या असतात आणि हिशोब दोन अधिक तीन असा पाच वर्षांचा होतो. "आधी डिप्लोमा करू, मग बघू" म्हणणाऱ्यांनी ते एक वर्ष मोजलेलं नसतं. माझं "मग बघू" तर अजून चालूच आहे.

फीचं काकांना नीट समजावून सांग. 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण प्रवेश शासनाच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. म्हणजे डिग्रीसाठी वावर गहाण टाकायची वेळ येत नाही, खर्च राहतो तो खोलीचा आणि मेसचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाका. राउंड सुरू झाल्यावर सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

कॉलेज मात्र डोळ्यांनी पाहून घ्या. केंद्राच्या फार्मसी कौन्सिलने 2019 मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती, ती 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कॉलेजं कमी नाहीत, म्हणून निवडून घ्यायचं. कौन्सिलची मान्यता त्या वर्षासाठी आहे का ते त्यांच्या साइटवर बघ, कारण मान्यता नसलेल्या कॉलेजच्या कागदावर नोंदणी होत नाही. मग कॉलेजच्या लॅबमध्ये जा. बाटल्यांवर धूळ असेल आणि हजेरीचं टेन्शन घेऊ नका असं ऑफिसमधला माणूस हसून सांगत असेल, तर तिथून सरळ परत या.

आता ऋतुजाचं. तिने मला फोनवर विचारलं, "दादा, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या, एक दोन रुपयाची अन् एक वीसची, आतमध्ये खरंच सारखं असते का?" मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. मग सुनीताने फोन घेतला आणि दोघी पाऊण तास बोलल्या. संजू, हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला मी डिप्लोमा कर म्हणणार नाही. ती बी.फार्मच करू दे, आणि सीईटीच्या मार्कांवर अमरावती मिळत असेल तर पहिला पर्याय तोच टाक. पुढे तिला गावात दुकानच टाकावंसं वाटलं तर डिग्रीवरही टाकता येतं, सुनीतासारखं. काकांना मी स्वतः येऊन सांगेन. माझं ते ऐकतात.

पण फॉर्म भरायच्या आधी तिला चार दिवस आमच्याकडे पाठव. सकाळच्या एसटीने बसवून दे, मी स्टँडवर घ्यायला येतो. तिने काउंटरच्या आतल्या बाजूने माणसं पाहावीत, आणि रात्री सुनीताची जुनी जर्नल्स चाळावीत. सोमवार त्या चार दिवसांत येईल असं बघ. सोमवारी राधाकाकू येतात. त्यांची आठवड्याची एक गोळी मी स्ट्रिपमधून कापून कागदाच्या पुडीत देतो आणि पुडीवर वार लिहितो. या वेळी ती पुडी ऋतुजाला बांधायला लावतो.

तुझा,
प्रमोद