खडूच्या त्या दोन रेघांसाठी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चला, पुढचा सेट" म्हणता, म्हणून हे पत्र.

डंबेल घेऊन लंज करताना, म्हणजे एक पाऊल पुढे टाकून दोन्ही गुडघे वाकवत खाली जाताना, तोल का जातो, हे तुमच्याआधी आमच्या बॅचला कुणी सांगितलंच नव्हतं. "पोट आवळा", "अजून खाली", "वजन वाढवा" एवढंच ऐकलं. गुडघा दुखतो म्हटलं तर "होईल सवय". पूर्ण फी घेऊन कुणी गुडघ्याकडे वाकून बघितलंसुद्धा नाही, ते अजून बोचतं.

तुम्ही हातातले डंबेल काढून घेतलेत, फरशीवर बसलात आणि खडूने वीतभर अंतराच्या दोन समांतर रेघा ओढल्यात. डावं पाऊल डाव्या रेघेवर, उजवं उजव्या रेघेवर. एरवी पुढे टाकलेलं पाऊल नकळत मध्ये येतं, दोन्ही पावलं दोरीवर चालल्यासारखी एका ओळीत पडतात. मग आधाराला रुंदीच उरत नाही, आणि तोल सावरताना पुढचा गुडघा आत वळतो. दुखणं तिथलं होतं. डंबेलचं वजन कमी करून ते सुटलं नसतं. नुसत्या रेघा सांभाळल्या तर गुडघा आपोआप पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जायला लागला.

शिकवणाऱ्याने असं शिकणाऱ्याच्या पायाशी बसावं, हे फार क्वचित दिसतं हो.

पुढच्या टाचेखाली कागदाचा कपटा सरकवून बघायचात, तेही लक्षात आहे. कपटा आत गेला म्हणजे टाच उचलली, म्हणजे पाऊल आखूड पडलं आणि भार चवड्यावर आला. मागचा गुडघा उतरतो तिथे घडी केलेला नॅपकिन ठेवलात, त्याने जमिनीवर आपटायची भीती गेली. नॅपकिनला हलकेच टेकायचं आणि पुढच्या टाचेने फरशी दाबत उठायचं. ज्यांचा गुडघा कुरकुरत होता त्यांना पाऊल मागे टाकायला लावलंत. पुढे झेपावलं की अंगाचा आणि डंबेलचा सगळा वेग पुढच्या गुडघ्याला थोपवावा लागतो, मागे टाकताना तो धक्का कमी बसतो.

वर्षानुवर्षं बैठका काढणारेही इथे लटपटले. बैठकेत दोन पाय भार वाटून घेतात, त्यात कमजोर पाय लपून जातो. म्हणून तुमचा नियम: कमजोर पाय आधी, आणि तो काढेल तेवढेच रेप्स (आवर्तनं) दुसऱ्याने काढायचे. रिकाम्या हाताने दोन्ही पायांवर 10-10 न डगमगता झाले, तरच हातात अडीच-अडीच किलो. मग 8 रेप्सचे 3 सेट, मध्ये दीड मिनिट थांबायचं. घाई कधीच नाही.

फरशी पुसली की रेघा जातात. खडू खिडकीत ठेवलाय, जो आधी येतो तो ओढतो.

तुमची,
सकाळी सहाची बॅच