खिशातला रेकॉर्डर खिशात नको

संपादक महोदय,
स. न.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या वेळीच रेकॉर्ड करून ठेवा, असे आवाहन हल्ली वरचेवर वाचायला मिळते. लोक त्यासाठी मुठीत मावणारा रेकॉर्डर आणतात, आजोबांच्या शर्टाच्या खिशात घालतात आणि नंतर ऐकायला मिळते ती कापडाची खसखस.

1990च्या सुमाराच्या पोर्टेबल डॅट (डिजिटल टेपच्या) रेकॉर्डरमध्ये टेपवर आवाज लिहिणारा-वाचणारा, मिनिटाला 2000 फेरे घेणारा हेड ड्रम असे. त्याची मोटर बॅटरी खाई. दमट हवेत ड्रमवर दव धरले की टेप चिकटू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबे. मेमरी कार्ड आले आणि ही सगळी यंत्रणा गेली. 2010चा झूम एच1 एका पेन्सिल सेलवर चाले, वजन सेलशिवाय 60 ग्रॅमच्या आसपास. पण माईक त्याच प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेले. त्यामुळे बोटांचा चाळा, टेबलावर ठेवलेला पेला, सगळे आत उतरते. शिवाय माईकचा पडदा लहान, की त्याची स्वतःची 'सूंऽऽ' जास्त.

तेव्हा रेकॉर्डर टॉवेलच्या घडीवर, तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवावा. अंतर निम्मे केले की थेट आवाज 6 डेसिबलने वाढतो. खोलीचे घुमणे मागे सारायला याहून चांगले बटण नाही. पंखा बंद. ऑटो लेव्हलही (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणे) बंदच: आजी दोन ओव्यांमध्ये श्वासाला थांबल्या की ते शेजारचा मिक्सर वर खेचते. खड्या आवाजात एक ओळ म्हणवून घेऊन लेव्हल मीटरवर उणे 12 डेसिबलपाशी लावावी (शून्याच्या वर आवाज फाटतो). अंगणात वारा असेल तर नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ टोपी लागते. खालची घरघर गाळणारा लो-कट 80 हर्ट्झवर.

एमपी3 नको. वेव्ह (न दाबलेली फाइल), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ ठेवले तर तासाला साधारण 1 जीबी लागते, म्हणजे 32 जीबी कार्डात तीसेक तास. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो. मेनूत तसा प्रकार निवडला नाही तर बॅटरीची खूण फसवते.

आणि ते महागात पडते. स्टॉप दाबण्याआधी वीज गेली तर फाइलच्या डोक्याशी तिची लांबी नोंदली जात नाही, फाइल शून्य दिसते. आवाज बहुधा कार्डावर असतोच. त्या कार्डावर पुढे काही रेकॉर्ड करू नये, फॉरमॅट तर मुळीच नाही. रिकव्हरी होईपर्यंत ते काढून बाजूला ठेवावे.

– एक ध्वनिमुद्रक, पुणे